म्हणे, कते, अंट : 'श्रीमान योगी' आणि तिच्या पुढचं पत्र

आपल्या मंडळाकडे येणाऱ्या निबंधांत एक जात अशी आहे की वाचताना मजा येते आणि वाचून झाल्यावर हाती काहीच लागत नाही. लिहिणारा बहुधा कथा-कवितेत हात बसलेला असतो. घरातल्या कुणाची तरी आठवण असते, आणि ती मोलाचीही असते. पण ती कागदावर येताना काहीतरी होतं. पोलिस ॲक्शनवरच्या अशाच एका निबंधात १७ सप्टेंबर १९४८ ची रात्र 'अमावास्येची, मिट्ट काळोखाची' होती. पंचांग काढून बघा. १८ सप्टेंबरला भाद्रपदातली पौर्णिमा होती. १३ ते १७ हे पाचही दिवस वाढत्या चांदण्यातले. काळोख हवाच असेल तर तो मुसीच्या पुराच्या वेळी मिळेल. तो पूर २८ सप्टेंबर १९०८ चा, अमावास्या नुकतीच २५ तारखेला होऊन गेलेली आणि वर मुसळधार पाऊस. म्हणजे काळोख खरा होता, फक्त चाळीस वर्षं चुकीच्या जागी पडला.

अशा लेखकाला आपण नेहमी एकच सल्ला देतो : विशेषणं छाटा, साधं लिहा. तो बिचारा छाटतो. 'मिट्ट' जातं, 'काळजाचा थरकाप' जातो. उरलेला निबंध पुन्हा वाचला तर तितकाच अविश्वसनीय. तेव्हा रोग विशेषणांत नसावा अशी मला बरेच दिवस शंका होती. ती तपासायला मराठीतला या जातीचा सर्वांत मोठा दाखला घ्यावा म्हणून 'श्रीमान योगी' पुन्हा वाचली. कादंबरी आणि तिच्या पुढचं नरहर कुरुंदकरांचं पत्र, दोन्ही. आधी पत्र, मग कादंबरी, मग परत पत्र.

कुरुंदकरांवर आपला हैदराबादकरांचा थोडा हक्क आहे. जन्म १५ जुलै १९३२ चा, कुरुंद्याचा. पण कॉलेजचे दिवस इथले. सिटी कॉलेजात शिकले आणि मामांकडे, म्हणजे उस्मानियात मराठी शिकवणाऱ्या डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहिले. परीक्षांत फारसे चमकले नाहीत. वाचन मात्र अफाट. पुढे नांदेडला शाळामास्तर, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. रणजित देसाई कोवाडचे, कोल्हापूरकडचे. १९६२ च्या 'स्वामी'नं त्यांचं नाव घराघरांत पोचलं होतं आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला होता. असा यशस्वी कादंबरीकार शिवाजी महाराजांवर लिहायला बसतो, अडतो, आणि नांदेडच्या एका मास्तराशी पत्रव्यवहार करतो, ही गोष्टच मला देसायांच्या बाजूनं फार बोलकी वाटते. ज्याला फक्त समया आणि मशाली लावायच्या आहेत तो असली पत्रं लिहीत नाही. देसायांना सत्य हवं होतं. कुरुंदकरांनी दिलेलं लांबलचक उत्तर १९६८ मध्ये कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापलं गेलं, आणि आजही ते तिथेच आहे.

फक्त ते वाचलं जात नाही. कुठल्याही ग्रंथालयातली जुनी प्रत हातात घ्या. कादंबरीची पानं मऊ पडलेली, कोपरे दुमडलेले, कुठे हळदीचं बोट. पुढची पत्राची पानं कोरी करकरीत.

आता या दोन मजकुरांत फरक काय? पहिलं उत्तर सुचतं ते असं, की एक ललित, दुसरा शास्त्रीय. एक सुंदर, दुसरा रुक्ष. हे साफ खोटं आहे. पत्र अजिबात रुक्ष नाही. वाद घालणाऱ्या माणसाचा आवाज त्यात पानोपानी ऐकू येतो. उलट कादंबरीत कितीतरी पानं सरळ, छोट्या वाक्यांची आहेत, विशेषणं मोजून. फरक क्रियापदात आहे. पत्रातली वाक्यं 'असावे', 'दिसते', 'मानता येत नाही', 'आधार नाही' अशा अंगानं चालतात. कादंबरीतली 'आले', 'म्हणाले', 'हसले', 'उठले' अशी. पत्राला 'माहीत नाही' म्हणता येतं. कादंबरीला म्हणताच येत नाही. माणूस दारातून आत आला किंवा नाही आला. 'बहुधा आला असावा' असं लिहून पुढचा संवाद लिहिता येत नाही.

माझं अर्धं आयुष्य पुलांच्या पायांत गेलं, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. पूल बांधायच्या आधी जमिनीत बोअर घेतात. आपल्या हैदराबादच्या जमिनीत वर माती, खाली मोरम, मग ग्रॅनाइट. पण मध्येच मोठाले धोंडे असतात. एखादा धोंडाच तळाचा खडक समजून बसलं तर पाया फसतो, म्हणून खडक लागल्यावरही आणखी काही मीटर खाली जावं लागतं. बाहेर आलेले खडकाचे दांडके लाकडी पेटीत ओळीनं मांडतात. तिला कोअर बॉक्स म्हणतात. जिथला खडक भुगा होऊन वाहून गेला, हाती लागला नाही, तिथे पेटीत लाकडाचा ठोकळा ठेवतात आणि त्यावर लिहितात : अमुक खोलीपासून तमुक खोलीपर्यंत, कोअर लॉस. तो ठोकळा पेटीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. तो काढून दांडके एकमेकांना चिकटवले तर पेटी दिसायला सुंदर दिसेल आणि पूल पडेल. नकाशावरही तेच. दोन बोअरच्या मधली थरांची रेघ तुटक काढतात, कारण ती पाहिलेली नसते, अंदाजाची असते. कंत्राटदार आणि खातं यांची निम्मी भांडणं त्या तुटक रेघेवरून होतात.

कादंबरीकाराच्या हातात तुटक रेघेची पेन्सिलच नसते. ही त्याची खरी अडचण.

आग्र्याचं प्रकरण घ्या. यातला एक बोअर फार चांगला लागलाय : १२ मे १६६६, औरंगजेबाचा दरबार. त्या दिवसाविषयी जयपूरच्या माणसांनी त्या वेळीच लिहिलेली राजस्थानी पत्रं सापडलेली आहेत, त्यामुळे महाराजांचा संताप हा नंतरच्या बखरकाराचा शृंगार नाही, तिथे जवळ असलेल्यांनी कळवलेली गोष्ट आहे. दुसरा बोअर १७ ऑगस्टचा, निसटल्याचा. तिसरा राजगडचा, आणि इथे गंमत सुरू होते. जेधे शकावली राजगडी पोचल्याची तिथी देते मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, म्हणजे २० नोव्हेंबर. अभ्यासकांत दुसरी तारीखही चालते, १२ सप्टेंबर. आता साधा हिशेब करा. आग्रा ते राजगड सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे ११०० किलोमीटर. वाटेनं अर्थात बरंच जास्त. १२ सप्टेंबर धरली तर २६ दिवस, म्हणजे नकाशावरच्या सरळ रेषेनंसुद्धा रोज ४० किलोमीटरहून अधिक. २० नोव्हेंबर धरली तर ९५ दिवस, रोजचे बारा. हे एकाच प्रवासाचे दोन अंदाज नाहीत, हे दोन वेगळे प्रवासी आहेत. पहिला घोडे बदलत, रात्रीचा दिवस करत दौडतोय. दुसरा आडवाटेनं, मुक्काम करत, बैराग्याच्या चालीनं येतोय. पहिल्याला वेष बदलून लोकांत मिसळायला फुरसत नाही. दुसऱ्याला वेषाशिवाय गत्यंतर नाही.

इतिहासकार इथे लाकडी ठोकळा ठेवू शकतो : दोन तारखा, दोन साधनं, हे पारडं माझ्या मते जड, पण निकाल पक्का नाही. कादंबरीकाराला या दोघांतला एक प्रवासी निवडावाच लागतो, त्याला भूक लावावी लागते, वाटेत पाऊस पाडावा लागतो. आणि एकदा पाऊस पडला की तो पडलाच. पुढच्या पिढीतला पोरगा तो पाऊस इतिहास म्हणून सांगतो. विशेषणं किती छाटली यानं इथे काहीही फरक पडत नाही. 'महाराज निघाले. पाऊस होता.' अगदी चार शब्द, एकही विशेषण नाही, आणि तरी पाऊस हा पुरावा नसलेला पाऊसच.

हे पावसापुरतं असतं तर मी एवढं लांबवलं नसतं. पण ठोकळ्याच्या जागी पावसाऐवजी माणूसही बसवला जातो. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. सभासदाच्या बखरीत ज्वर आहे. विषाची कुजबुज नंतरची. पण आपल्या नाटक-कादंबऱ्यांनी सोयराबाईंचं जे केलं ते कुजबुजीच्या क्रियापदात केलेलं नाही. स्पष्ट भूतकाळात, दालनासकट, दासीसकट केलेलं आहे. संभाजीराजांचं तर विचारूच नका. पिढ्यान् पिढ्या ते रंगभूमीवर व्यसनी आणि उतावळे म्हणून वावरले. वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र १९६० चं, कमल गोखल्यांचं 'शिवपुत्र संभाजी' १९७१ चं. या दोन अभ्यासकांना कागदांचे ढीग उपसावे लागले, कशासाठी, तर कुणीतरी रिकाम्या जागी बसवलेला माणूस तिथून उठवण्यासाठी. बसवायला एक अंक पुरतो. उठवायला आयुष्य जातं. आपल्या हैदराबादकरांना याची आणखी एक बाजू दिसते. मराठी ऐतिहासिक कादंबरीत निजाम अली हा फक्त हरण्यासाठी येणारा, अत्तर लावलेला इसम असतो. राक्षसभुवनची लढाई (१० ऑगस्ट १७६३) झाली ती खरी, विठ्ठल सुंदर तिथे पडला तेही खरं. पण त्याच माणसानं पुढे १८०३ पर्यंत राज्य केलं आणि आपलं हे शहर राजधानी केलं, हे कादंबरी वाचून कळत नाही. सेतुमाधवराव पगडींसारखे फारसी-उर्दूतून साधनं मराठीत आणणारे गृहस्थ इथेच आपल्यात नोकरी करत होते, तरीसुद्धा.

या अडचणीतून गेलेला आणि ती कबूल केलेला एक मोठा कादंबरीकार युरोपात होऊन गेला. इटलीचा अलेस्सांद्रो मान्झोनी. १८२७ ची त्याची कादंबरी इटालियन भाषेची जवळजवळ पाठ्यपुस्तकच ठरली. तिच्यात १६३० ची मिलान शहरातली प्लेगची साथ आहे. (१६३० म्हणजे आपल्याकडे शिवजन्माचं साल, आणि दख्खनच्या भीषण दुष्काळाचं.) त्या साथीत लोकांना वाटलं की कुणीतरी भिंतींना विषारी मलम फासून रोग पसरवतंय. आरोग्य खात्यातला पियात्सा नावाचा एक नोकर आणि मोरा नावाचा एक न्हावी यांना पकडून, यातना देऊन कबुलीजबाब घेतले आणि हालहाल करून मारलं. मोराचं घर पाडून तिथे 'बदनामीचा स्तंभ' उभारला. तो १७७८ पर्यंत उभा होता. मान्झोनीनं हे प्रकरण कादंबरीत पेललं नाही. कादंबरीच्या सुधारलेल्या आवृत्तीला जोडून त्यानं ते वेगळं, कोरड्या शैलीत, खटल्याच्या कागदांवरून लिहिलं. वाचकांनी नाकं मुरडली. त्यांना पुन्हा तशीच प्रेमकथा हवी होती. १८५० मध्ये तर त्यानं ऐतिहासिक कादंबरीवर निबंध लिहून सांगितलं की हा प्रकारच मुळात टिकणारा नाही : खरं काय आणि रचलेलं काय हे वाचकाला कळू दिलं तर गोष्ट मोडते, आणि कळू दिलं नाही तर फसवणूक होते. त्यानंतर तो जगला तेवीस वर्षं, पण दुसरी कादंबरी लिहिली नाही.

मला हा निकाल जरा टोकाचा वाटतो. देसायांनी लेखणी ठेवून दिली असती तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही. लाखो घरांत तो काळ शिरला तो त्यांच्यामुळे. जेधे शकावली हे नाव मीही पहिल्यांदा ऐकलं ते कादंबऱ्या वाचून तहान लागल्यावरच. पण कादंबरीच्या पुढे छापलेलं पत्र हा मान्झोनीच्या प्रश्नावरचा आपल्याकडचा तोडगा आहे, हे आपण नीट ओळखलेलं नाही. पत्र पेटीतले ठोकळे दाखवतं, कादंबरी ते काढून टाकते, आणि दोन्ही एकाच बांधणीत हातात येतात. वाचणाऱ्यानं पुढची पानं उलटून टाकली तर त्याला देसाई काय करणार?

या पत्रातली एक गोष्ट मात्र कादंबरीत येऊच शकली नाही, आणि ती माझ्या मते पत्राचा गाभा आहे. महाराजांचं वेगळेपण कुरुंदकर लढायांत किंवा पराक्रमात शोधत नाहीत. ते विचारतात की राजा गेल्यावर काय झालं? इतर राज्यं राजा पडला की पडतात. इथे १६८० ला महाराज गेले, १६८९ ला संभाजीराजे मारले गेले, राजाराम महाराज दूर जिंजीला, ते १७०० ला गेले, खुद्द औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून, आणि तरी १७०७ पर्यंत, सत्तावीस वर्षं, सामान्य माणसं लढत राहिली. ती का लढली याचं उत्तर म्हणजे शिवाजी. आता हे कादंबरीत कसं आणायचं? कादंबरी नायकाबरोबर संपते. 'श्रीमान योगी'ही महाराजांच्या मृत्यूशी संपते. म्हणजे जिथून कुरुंदकरांचा पुरावा सुरू होतो तिथे देसायांचं पुस्तक मिटतं. ही देसायांच्या प्रतिभेची कमतरता नाही, घाटाची आहे. चरित्रनायकाच्या श्वासाबरोबर चालणाऱ्या गद्याला त्याच्या मरणानंतरचं त्याचं सर्वांत मोठं काम दिसत नाही. साध्या, वाद घालणाऱ्या, सनावळीच्या गद्याला दिसतं.

पत्राचीही दुसरी बाजू सांगायला हवी. पत्रच ते, संदर्भाची शिस्त त्यात नाही. कुरुंदकर स्मरणावर लिहितात, झपाट्यानं निष्कर्ष काढतात, आणि कधीकधी त्यांच्या युक्तिवादाचा ओघच इतका गोड असतो की पुरावा विचारायचं राहून जातं. चांगला वक्ता लिहायला बसला की हेही होतं. ललित लेखकच तेवढे मोहात पडतात असं समजायचं कारण नाही.

उलट टोकाचा माणूसही आपल्या शहरात येऊन गेलाय. १९३१ चं मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं, अध्यक्ष डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' पुरा करून मोकळे झालेले. साधं, माहितीचं गद्य लिहिण्यात त्यांचा हात मराठीत कोण धरणार? आणि हे गृहस्थ कादंबऱ्या लिहीत होते. 'ब्राह्मणकन्या' आदल्याच वर्षीची, १९३० ची. त्यांच्या कादंबऱ्यांत पात्रं बोलता बोलता समाजशास्त्रावर व्याख्यान देतात, लेखक मध्येच गोष्ट थांबवून एखाद्या जातीच्या चालीरीती समजावतो. कलेच्या दृष्टीनं ओबडधोबड म्हणून समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि दुर्गाबाई भागवतांनी त्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिण्याइतकं त्यांत काही पाहिलंही. मला केतकरांत एवढंच दिसतं की वाचकाचा भ्रम मोडेल याची त्यांना भीती नाही. त्यामुळे ते कादंबरीतसुद्धा 'याबद्दल माहिती उपलब्ध नाही' या चालीवर बोलू शकतात. गोष्ट मोडते खरी. पण ठोकळा जागेवर राहतो.

मग गोष्ट न मोडता ठोकळा ठेवता येईल का? इथे आपल्याला भाषेकडेच बघावं लागेल, आणि हैदराबादच्या माणसाला तर फार लांब जायला नको. मराठीत एक छोटा शब्द आहे : म्हणे. 'ते रात्रीच निघाले म्हणे.' बोलणारा एका शब्दात सांगतो की हे मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, जबाबदारी माझी नाही. आपल्या दखनीत तेच काम 'कते' करतं : 'उनो रातकोच निकल गए कते.' तेलुगूत क्रियापदाला 'अंट' चिकटतं : 'वेळ्ळिपोयाडंट.' जामबागच्या फुलबाजारात सकाळी अर्धा तास उभं राहिलं तर हे तिन्ही कानावर पडतात, आणि भाव पाडणारी बाईसुद्धा पाहिलेल्या भावाला 'म्हणे' लावत नाही. तिन्ही भाषांतल्या अशिक्षित माणसालाही पाहिलेलं आणि ऐकलेलं यांतला फरक बोलताना आपोआप राखता येतो. आपल्या आज्या गोष्टी सांगायच्या तेव्हा 'म्हणे' जागच्या जागी असायचं. बखरकारांचं 'म्हणोन' त्याच घराण्यातलं. तळटीप हे शिकलेल्या माणसाचं 'म्हणे' आहे, दुसरं काही नाही.

नातू लिहायला बसतो आणि पहिल्यांदा काय खोडतो, तर 'म्हणे'. त्याला ते बोलीतलं, ढिसाळ वाटतं. कथेच्या शिबिरात त्याला शिकवलेलं असतं की सांगू नका, दाखवा. तो दाखवतो. आजीनं जे ऐकीव म्हणून जपून सांगितलं ते तो डोळ्यांसमोर घडल्यासारखं मांडतो, आणि साठ-सत्तर वर्षं तिनं राखलेला फरक एका मसुद्यात पुसला जातो. विशेषणांपेक्षा हे नुकसान मोठं आहे, कारण विशेषण खोडून टाकता येतं, पण गेलेलं 'म्हणे' परत कुठे घालायचं हे आजी गेल्यावर कुणालाच सांगता येत नाही. १९४८ मध्ये वयात आलेली माणसं आता नव्वदीच्या पुढे आहेत.

समजा निबंधात असं वाक्य आहे : 'त्या रात्री आजोबा मागच्या दारानं निसटले आणि चादरघाटच्या पुलापर्यंत धावत गेले.' नीट वाक्य आहे, एकही विशेषण नाही, संपादकाला खोडायला काही नाही. आता लेखकाला बसवून विचारलं, कुणी पाहिलं? कुणी सांगितलं? तर असं काहीतरी निघतं : 'त्या रात्री आजोबा घरात नव्हते, एवढं आजी नक्की सांगे. ते चादरघाटकडे गेले म्हणे, असं थोरले काका म्हणत. काका हे बोलले की आजी उठून आत जाई.' पहिल्यात फक्त पळणारा माणूस आहे. दुसऱ्यात माणूस नाही, पण घर आहे, आणि न सांगितलेलं काहीतरी आहे. कथालेखकालाही यातलं दुसरंच जास्त उपयोगाचं, असं मला वाटतं.

मंडळातल्या कथा लिहिणाऱ्या एका बाईंनी यावर मला अडवलं, आणि त्यांचं म्हणणं इथे मांडणं न्यायाचं आहे. त्या म्हणाल्या, प्रत्येक ओळीला 'म्हणे' लावलंत तर तुमचा निबंध पंचनामा होईल, कोण वाचणार? बरोबर आहे. पण पंचनामाही कोण लिहितो यावर असतं. १९०८ च्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं; ते १९०९ च्या एप्रिलात कामाला लागले आणि ऑक्टोबरात त्यांचा अहवाल तयार होता. पुढे १९५१ च्या आठवणींतही त्यांनी हा पूर सांगितला आहे, इंजिनियरच्याच सुरात. मुसीच्या खोऱ्यात ७८८ तळी होती, त्यांतली २२१ फुटली. पुराचा कळस सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट. शहरातली १९ हजार घरं कोसळली. यात आक्रोश नाही, काळोख नाही. पण २२१ या आकड्यावर जरा थांबा. वरचं तळं फुटतं, त्याचं पाणी खालच्यात येतं, ते फुटतं, ते दोघांचं मिळून तिसऱ्यात. रात्रभर हे चाललंय आणि खाली शहर झोपलंय. हे त्या आकड्यातून मला जितकं दिसतं तितकं कुठल्याही वर्णनानं दाखवलेलं नाही. आणि त्याच आकड्यातून गंडीपेठ निघालं, १९२० ला पुरं झालेलं, आणि मागून १९२७ चं हिमायतसागर. बाईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते ते दृश्य आकड्यानं दाखवलं नाही, मी पाहिलं, कारण मी आयुष्यभर पाणी मोजत आलो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पुरात किती माणसं गेली याचे आकडे जागोजागी वेगवेगळे आहेत, ही गोष्ट त्यांनी वर सुनावली ती निराळीच.

पुढच्या महिन्यापासून निबंधांसाठी एवढंच सुचवतो की लेखकांनी पहिला मसुदा बोलीत पाठवावा, घरी सांगतात तसा, 'म्हणे'सकट. प्रमाण मराठी नंतर करू. आणि 'श्रीमान योगी' ज्यांच्या घरात आहे त्यांनी पुढची कोरी पानं या महिन्यात वाचून यावीत. सोबत मिळालं तर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'श्रीशिवछत्रपती' आणावं. ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : कागद आणि फक्त कागद मानणाऱ्या या इतिहासकारानं शिवचरित्र लिहायचं योजलं होतं. १९६३ मध्ये ते गेले. १९६४ मध्ये जे पुस्तक निघालं त्यात संकल्पित चरित्राची प्रस्तावना आहे, आराखडा आहे आणि साधनं आहेत. चरित्र नाही. कुरुंदकरही १० फेब्रुवारी १९८२ ला, पन्नाशीच्या आत, औरंगाबादला गेले. महाराजांवर ते बोलले पुष्कळ, लिहिलंही, पण सलग चरित्र त्यांच्या हातून झालं नाही. साध्या गद्याच्या या दोन मातब्बरांच्या मागे महाराजांवरच्या दोन प्रस्तावना राहिल्या, एक स्वतःच्या न लिहिलेल्या पुस्तकाची आणि एक दुसऱ्याच्या कादंबरीची. पुरं झालं ते देसायांचं पुस्तक.